क्योपेनिकचा कप्तान : कागदासाठी घेतलेले सोंग

मार्च १९३१ हा महिना भारतीय चित्रपटाच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला आहे. त्या महिन्याच्या १४ तारखेस मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात अर्देशिर इराणी यांचा ‘आलम आरा’ हा आपल्या देशातील पहिला बोलपट झळकला. ज्या नाटकावरून तो घेतला, ते आपल्याच समाजातील जोसेफ डेव्हिड यांच्या लेखणीतून उतरले होते, ही अभिमानाची गोष्ट समाजबांधवांस ठाऊक आहेच. बरोबर नऊ दिवस आधी, म्हणजे ५ मार्च रोजी, दूर बर्लिनच्या डॉइचेस थिएटरमध्येही एका नव्या नाटकाचा पडदा वर गेला होता. त्या नाटकाचे नाव ‘डेर हाउप्टमान फॉन क्योपेनिक’, अर्थात ‘क्योपेनिकचा कप्तान’. लेखक कार्ल झुकमायर. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्याचाही बोलपट बर्लिनमध्ये प्रदर्शित झाला. चित्राला नुकतीच वाचा फुटली होती आणि जिभेसाठी लिहिण्याची विद्या रंगभूमीपाशी होती. त्यामुळे मुंबई काय नि बर्लिन काय, बोलपटाने आरंभीच्या दिवसांत नाटकाचेच दार ठोठावले. मुंबईच्या त्या बोलपटाची एकही प्रत आज शिल्लक नाही. बर्लिनचा बोलपट मात्र सुदैवाने टिकला आहे.

संयुक्त अरब अमिरातीत राहणाऱ्या आम्हांला ह्या जुन्या जर्मन विनोदी बोलपटाविषयी लिहावेसे का वाटावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर एका शब्दात देता येते : परवाना. ज्याच्यापाशी राहण्याचा परवाना नाही त्याला काम नाही, आणि ज्याला काम नाही त्याला राहण्याचा परवाना नाही, ह्या फेऱ्यात सापडलेल्या एका म्हाताऱ्या चांभाराची ती कथा आहे. नोकरीच्या आधाराने ज्यांचा येथील मुक्काम ठरतो, त्या आम्हां सर्वांना ती कथा परकी वाटणे शक्य नाही. आणि बेने इस्राएल म्हणून तर ती आपल्याला अधिकच जवळची आहे. ते कसे, हे पुढे येईलच.

प्रथम मूळ घटना पाहू, कारण ह्या नाटकाचा गाभा कल्पित नाही. विल्हेल्म फोक्ट नावाचा चांभार १८४९ साली पूर्व प्रशियातील टिल्झिट येथे जन्मला. तरुणपणापासून चोरी आणि खोटी कागदपत्रे ह्या गुन्ह्यांपायी त्याच्या आयुष्याचा मोठा भाग तुरुंगात गेला. १९०६ च्या फेब्रुवारीत पंधरा वर्षांची शिक्षा भोगून तो सुटला, तेव्हा त्याने साठी गाठत आणली होती. विस्मार येथे एका चर्मकाराकडे त्याला कामही मिळाले. परंतु शिक्षा झालेला मनुष्य म्हणून पोलिसांनी त्याला तेथून हद्दपार केले. तो बर्लिनजवळ बहिणीच्या आश्रयास आला. तेथूनही हद्दपारीचा हुकूम निघाला.

१६ ऑक्टोबर १९०६ रोजी ह्या चांभाराने जुन्या बाजारातून जमवलेला लष्करी कप्तानाचा गणवेश अंगावर चढवला. रस्त्यात शिपायांची एक तुकडी त्याने थांबवली, नंतर आणखी काही शिपाई आपल्या हुकमतीखाली घेतले, आणि सर्वांना आगगाडीत बसवून बर्लिनच्या उपनगरातील क्योपेनिक गावी नेले. तेथील नगरभवनाला वेढा घालून त्याने नगराध्यक्षास आणि खजिनदारास अटक केली. तिजोरीतील सुमारे चार हजार मार्क ताब्यात घेऊन त्याची रीतसर पावती दिली आणि कैद्यांना शिपायांच्या पहाऱ्यात बर्लिनला रवाना केले. हे सर्व होत असता एकानेही त्याच्याकडे हुकूमनामा पाहण्याचा आग्रह धरला नाही. गणवेश हाच हुकूमनामा ठरला. दहा दिवसांनी तो पकडला गेला. त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. परंतु सारे जग हसत असताना कैसर विल्हेल्मनेही १९०८ साली त्याला माफी दिली. १९२२ साली लक्झेंबुर्ग येथे तो मरण पावला.

आपणांस हवा होता तो पासपोर्ट, असे फोक्टचे म्हणणे होते. तिजोरीतील रक्कम त्याने नेली, हेही खरे. नाटककार झुकमायरने मात्र पासपोर्टाची बाजू उचलली आणि तिच्यावर सारे नाटक उभे केले. त्याचा फोक्ट एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत हिंडतो. येथे सांगतात, आधी काम आणा; तेथे सांगतात, आधी कागद आणा. अखेरीस तो नगरभवनच काबीज करतो, तेव्हा त्याला कळते की पासपोर्टाचे खाते त्या नगरभवनात नाहीच! प्रेक्षक पोट धरून हसतो आणि हसता हसता त्याच्या लक्षात येते की ह्या मनुष्याची सारी धडपड फुकट गेली.

नाटकात फोक्टच्या बरोबरीचा दुसरा नायक आहे तो गणवेश. पॉट्सडॅम येथील वोर्मझर ह्या यहुदी शिंप्याच्या दुकानात तो एका उमद्या कप्तानासाठी शिवला जातो. तो कप्तान साध्या कपड्यांत असताना एका कॉफीगृहात मारामारीत सापडतो. अंगावर गणवेश नसल्याने त्याचा शब्द कोणी मानीत नाही, आणि प्रकरण त्याच्या राजीनाम्यावर जाते. गणवेश पुन्हा शिंप्याकडे येतो. पुढे क्योपेनिकचा नगराध्यक्ष, राखीव दलातील अधिकारी म्हणून, तो विकत घेतो. पोट सुटल्यावर परत करतो. मग शिंप्याची मुलगी सोंगांच्या नाचात तो घालते आणि त्यावर डाग पडतो. शेवटी ग्रेनाडियरश्ट्रासे ह्या गल्लीतील जुन्या कपड्यांच्या दुकानी तो लटकतो आणि तेथून चांभाराच्या हाती पडतो. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब यहुद्यांची वस्ती त्या काळी ह्याच गल्लीत होती. वोर्मझर शिंप्याने आपल्या मुलीचे नाव सम्राज्ञीच्या नावावरून ‘औगुस्टे व्हिक्टोरिया’ ठेवले आहे, हा तपशील आम्हांला फार बोलका वाटतो. राज्यकर्त्यांचे कपडे शिवून, त्यांची नावे मुलांना ठेवून आपण त्यांचेच झालो, अशी त्याची समजूत आहे. १९३१ च्या बर्लिनमध्ये असे समजणारे यहुदी थोडे नव्हते.

बोलपटाचे दिग्दर्शन रिचर्ड ओस्वाल्ड यांनी केले. ते व्हिएन्नात १८८० साली जन्मलेले यहुदी. पटकथा स्वतः झुकमायर व त्यांचे स्नेही आल्ब्रेख्ट जोसेफ यांनी लिहिली. ह्याच ओस्वाल्डनी आदल्याच वर्षी, १९३० मध्ये, ‘ड्रायफस’ हा बोलपट काढला होता. दोन्ही चित्रे जवळजवळ ठेवून पाहण्याजोगी आहेत. एका कथेत निरपराध यहुदी अधिकाऱ्याच्या गणवेशावरील मानचिन्हे भर चौकात तोडून टाकली जातात, आणि पदव्या व पराक्रम असूनही तो क्षणात कोणीच उरत नाही. दुसऱ्या कथेत चांभाराच्या अंगावर तीच मानचिन्हे चढतात आणि तो क्षणात सर्वसत्ताधीश होतो. माणूस दोन्हीकडे होता तोच राहतो. बदलतो तो कपडा. ओस्वाल्डनी लागोपाठ दोन वर्षे ही दोन चित्रे काढली, एक शोकात्म आणि दुसरे हास्यकारक.

फोक्टची भूमिका माक्स आडाल्बर्ट ह्या विनोदी नटाने केली. रंगमंचावर ती प्रथम वेर्नर क्राउसने केली होती. आडाल्बर्टचा फोक्ट किरकोळ, वाकलेला, तोंडातल्या तोंडात पुटपुटणारा आहे. बोलपट हे माध्यम नवे असूनही त्याचा उपयोग येथे मोठ्या जाणतेपणाने झालेला दिसतो. कचेऱ्यांतील कारकुनांचा तुटक स्वर, टाचा जुळवल्याचा खटका, कवायतीचे हुकूम आणि ह्या सर्वांत बुडून जाणारा म्हाताऱ्याचा आवाज, हे सारे मूकपटात दाखवता आले नसते. गणवेश चढताच त्याच म्हाताऱ्याच्या गळ्यातून हुकूम निघतो आणि शिपाई ताठ उभे राहतात, तेव्हा ध्वनीमुळे त्या प्रसंगाला केवढे बळ येते हे कळते. ज्या आवाजाची कालपर्यंत कोणी दखल घेतली नाही, त्याच आवाजापुढे आज नगरभवन कापते.

आपल्या महाराष्ट्रात बहुरूप्याची प्रथा आहे. फौजदाराचा वेश करून तो दारात उभा राहतो, खोटे वॉरंट वाचतो, घरातल्या म्हाताऱ्यांना दटावतो. मग सारे हसतात आणि त्याच्या झोळीत पसाभर धान्य पडते. आपला पुरीम, ज्याला कोकणातील आपले वाडवडील होळीचा सण म्हणत, तोही वेशपालटाचाच सण. राजवस्त्रे चढवलेला मोर्दखय घोड्यावर, आणि लगाम हामानाच्या हाती! ही उलटापालट ऐकून लहान मुलेही आनंदाने ओरडतात. क्योपेनिकच्या कप्तानाचे हसू ह्याच जातीचे आहे. फरक एवढाच, की बहुरूपी गेल्यावर फौजदार खराच राहतो. येथे मात्र एकदा हसल्यावर खऱ्या फौजदाराकडेही पूर्वीच्या नजरेने पाहता येत नाही. जी सत्ता कपड्यावर चालते, ती कोणाच्याही अंगावर चालते, हे ह्या चित्राने एका भेदरलेल्या राष्ट्रास सांगितले. त्या वेळी जर्मनीत बेकारांची संख्या ६० लाखांच्या घरात जात होती आणि रस्त्यारस्त्यांतून तपकिरी गणवेशाच्या टोळ्या कवायत करीत होत्या.

ते सांगणे ऐकले गेले नाही. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि नाटकावर बंदी आली. पुढे ह्या चित्राच्या कर्त्यांचे जे झाले, तो आम्हांला त्या कथेचाच उत्तरार्ध वाटतो. झुकमायर यांचे मातुल घराणे मूळचे यहुदी. ते ऑस्ट्रियात गेले, १९३८ मध्ये तेथूनही निसटले आणि १९३९ मध्ये अमेरिकेस पोचले. त्यांचे जर्मन नागरिकत्व काढून घेण्यात आले. आल्ब्रेख्ट जोसेफ परागंदा झाले. चित्रात वोर्मझर शिंपी साकारणारे हरमान वालेन्टिन प्रथम चेकोस्लोव्हाकियात, मग स्वित्झर्लंडमध्ये आणि शेवटी एरेझ इस्राएलमध्ये आले. १९४५ साली तेल अवीव येथे त्यांचा अंत झाला. आडाल्बर्ट १९३३ मध्येच वारले. आणि रंगमंचावर तो गणवेश प्रथम घालणारे वेर्नर क्राउस? ते जर्मनीतच राहिले आणि १९४० साली ‘यूद झ्यूस’ ह्या विषारी चित्रपटात यहुद्यांची विटंबना करणाऱ्या अनेक भूमिका त्यांनी एकट्याने केल्या. गणवेशाची थट्टा करणारे नाटक करूनही मनुष्य गणवेशाच्या सेवेस लागू शकतो, ह्याचे हे उदाहरण विसरू नये.

ओस्वाल्ड देशोदेशी हिंडत १९३८ मध्ये अमेरिकेस गेले. तेथे त्यांनी हीच कथा इंग्रजीत पुन्हा चित्रित केली. फोक्ट झाले आल्बेर्ट बासरमान. जर्मन रंगभूमीवरील हा थोर नट स्वतः यहुदी नव्हता. परंतु यहुदी वंशाच्या पत्नीचा अपमान सोसून राहण्यापेक्षा त्याने देश सोडला होता. ओस्वाल्डच्याच ‘ड्रायफस’मध्ये सत्याची बाजू घेणाऱ्या कर्नल पिकारची भूमिका त्याने केली होती. सत्तरी ओलांडलेल्या बासरमानला इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. तो संवाद नुसत्या उच्चारांवरून पाठ करीत असे. बोलपटाने नटाला जीभ दिली आणि परदेशाने ती काढून घेतली! हे दुसरे चित्र १९४१ मध्ये तयार झाले. ते प्रदर्शित होण्यास १९४५ साल उजाडले. कागदावाचून भटकणाऱ्या म्हाताऱ्याची कथा, कागदावाचून भटकलेल्या मंडळींनी परक्या भाषेत सांगितली; परंतु ह्या वेळी हसण्यास फारसे कोणी आले नाही.

त्या काळचे जर्मन यहुद्यांचे कागद कसे होते, हे आपल्या समाजाने विशेष लक्षात ठेवावे. ऑक्टोबर १९३८ पासून त्यांच्या पासपोर्टावर तांबडे ‘योट’ हे अक्षर उठू लागले. यहुदी म्हणून ओळखू येण्याजोगे नाव नसलेल्या प्रत्येक पुरुषाने १९३९ च्या आरंभापासून आपल्या नावास ‘इस्राएल’ आणि स्त्रीने ‘सारा’ हे नाव जोडलेच पाहिजे, असा कायदा झाला. जे नाव आपले वाडवडील नवगावच्या किनाऱ्यापासून अभिमानाने मिरवीत आले, तेच नाव तेथे कलंकाची खूण म्हणून लादले गेले. नाव एकच, पण ते आपण सांगतो की दुसरा आपल्यावर शिक्का म्हणून मारतो, ह्यावर त्याचा अर्थ ठरतो.

ह्या आपत्तीतून निसटलेले काही शेकडा लोक मुंबईच्या धक्क्यावर उतरले. त्यांच्या साहाय्यासाठी १९३४ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. त्याच वर्षी आलेले संगीतज्ञ वाल्टर काउफमान पुढे ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. आकाशवाणीची जी प्रातःकालीन धून आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकली, तिचे कर्तृत्व त्यांच्याकडे दिले जाते. १९३९ मध्ये आलेले विली हास हे बर्लिनचे नामांकित चित्रपट-समीक्षक व पटकथालेखक. त्यांनी मुंबईत मोहन भवनानी यांच्यासाठी लेखन केले. परंतु येथेही कागदाचे भूत पाठीशी होतेच. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारले गेले, तेव्हा जर्मन पासपोर्ट असलेल्या अनेक यहुदी निर्वासितांनाही शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध करण्यात आले. चौकशी होऊन पुष्कळांची सुटका झाली. काहींना पुरंदरसारख्या ठिकाणी दिवस काढावे लागले. हिटलरने त्यांना जर्मन मानले नाही, इंग्रजांनी त्यांना जर्मनच मानले. झुकमायरच्या कारकुनांनाही ह्याहून मोठा विनोद सुचला नसता.

आणि आता आपल्या घरची गोष्ट. १९६२ मध्ये इस्राएलच्या प्रमुख रब्बींच्या कचेरीने आदेश काढला की बेने इस्राएल वधूवरांच्या विवाहापूर्वी त्यांच्या पूर्वजांची, मातृकुळाची, चौकशी व्हावी. ज्यांनी शतकानुशतके कोकणात शब्बाथ पाळला, शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे ज्यांना शेजारी ‘शनवार तेली’ म्हणत, ज्यांनी शेमा कधी सोडली नाही, त्यांच्याकडे पिढ्यांचा दाखला मागितला गेला. आपल्या बांधवांनी सोंग घेतले नाही, गणवेशही चढवला नाही. ते जेरुसलेमच्या रस्त्यावर शांतपणे बसले. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने ठराव करून बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी असल्याचे निःसंदिग्ध सांगितले आणि तो आदेश मागे घेतला गेला. ज्या घरांनी ती दोन-अडीच वर्षे सोसली, त्यांना फोक्टच्या चेहऱ्यावरील भाव समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

गेल्या पुरीमच्या सुमारास शारजातील एका घरी आमची काही कुटुंबे जमली असता हा बोलपट आम्ही पाहिला. शब्बाथ सरला होता, हवदाला झाली होती. पहिल्या भागात मुलेही खळखळून हसली. फोक्ट दुसऱ्या कचेरीतून हात हलवीत बाहेर पडला, तेव्हा मात्र टायपिंग सेंटरांच्या रांगांत उभी राहिलेली वडील मंडळी एकाएकी गप्प झाली. येथे परदेशी मनुष्याचा वास्तव्याचा परवाना बहुधा नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी सुटली की व्हिसा रद्द होतो, आणि ठरलेल्या मुदतीत नवी नोकरी शोधणे किंवा देश सोडणे, ह्याखेरीज मार्ग नसतो. मुदत उलटली की दर दिवसाचा दंड साचतो. ज्याच्यापाशी दंड भरण्यास पैसे नाहीत तो लपून राहतो आणि लपल्यामुळे त्याला काम मिळत नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की हा फेरा तोडण्याचे उपाय येथील सरकारने योजले आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून ठराविक पात्रतेच्या लोकांना कोणा यजमानावाचून, केवळ नोकरी शोधण्यासाठी व्हिसा मिळू लागला. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ ह्या काळात सार्वत्रिक माफी देण्यात आली. मुदत उलटून राहिलेल्यांचा दंड माफ झाला. नोकरी मिळवून कागद सरळ करण्याची, अथवा पुनःप्रवेशाची बंदी न लागता मायदेशी जाण्याची मुभा मिळाली. बिचाऱ्या फोक्टने ह्याहून अधिक काही मागितले नव्हते. त्याला अशी खिडकी उघडी मिळाली असती, तर क्योपेनिकचा नगराध्यक्ष त्या दिवशी निवांत जेवला असता आणि जगाला एक उत्तम नाटक मिळाले नसते. असा तोटा कोणत्याही राज्याने आनंदाने सोसावा.

२०२३ साली अबू धाबीत मोझेस बेन मैमोन सिनेगॉग उघडले. आज ह्या भूमीवर आपण आपल्या नावानिशी, न लपता, प्रार्थनेस उभे राहू शकतो. अशा वेळी समाजाचे कर्तव्य दुहेरी आहे. एक म्हणजे, आपले कागद नीट ठेवावेत. केतुबा, जन्माचे दाखले, गावच्या सिनेगॉगातील नोंदींच्या प्रती मुलांच्या स्वाधीन कराव्यात. कागद हा माणसाचा पुरावा नव्हे; पण कधी कोण पुरावा मागेल ह्याचा नेम नाही, हे आपण १९६२ मध्ये शिकलो. दुसरे कर्तव्य अधिक मोठे आहे. आपल्या ओळखीत, आपल्या कचेरीत किंवा आपल्या घरी राबणाऱ्यांपैकी कोणाचा व्हिसा संपला असेल, मग तो मनुष्य कोणत्याही धर्माचा असो, तर त्याच्याकडे आधी कागद न मागता त्याची हकिकत विचारावी. त्याला योग्य कचेरीची वाट दाखवावी, अर्ज भरून द्यावा, जमल्यास तिकिटाचा भार उचलावा. मिसर देशात परके होतो, हे आपण दरवर्षी पेसहाच्या रात्री मुलांना सांगतो. ते केवळ सांगण्यासाठी नाही.

झुकमायरच्या नाटकाच्या शेवटी पोलीस फोक्टला तो गणवेश पुन्हा घालावयास सांगतात. त्याने स्वतःला त्या वेशात आजवर पाहिलेलेच नसते. तो आरशासमोर उभा राहतो, स्वतःकडे पाहतो आणि मोठ्याने हसत सुटतो, कारण ह्या अशा ध्यानाला कोणी कप्तान मानले हे त्यालाच खरे वाटत नाही. साऱ्या नाटकात त्याच्याकडे बघून त्याला ओळखणारे फार थोडे भेटतात. बाकीचे त्याच्या हातातील कागद पाहतात, नाही तर अंगावरील कपडा. आपल्या दारी येणाऱ्या माणसाचा आपण चेहरा पाहावा, एवढाच बोध आम्ही ह्या जुन्या बोलपटापासून घेतला.